धमन्यांच्या कडकपणाची तपासणी: मशीनला चार तारे, रिपोर्टला दीड

डायलिसिसवर असलेल्यांसाठी हे लिहितोय. ज्यांच्या किडन्या धड आहेत त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

प्रेशर गेज तपासून पास-नापास करणं, यातच माझी सगळी नोकरी सरली. त्यामुळे खाटेवर आडवं करून दंडाला आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधायला घेतले तेव्हा मला मौजच वाटली. सुई नाही, दुखणं नाही. पट्टे फुगतात, उतरतात. नाडीची लहर दंडाला कधी पोचली आणि घोट्याला कधी, यातल्या फरकावरून मशीन तिचा वेग काढतं. धमनी जितकी ताठ, तितकी लहर वेगवान. दुसरा आकडा एबीआय, म्हणजे घोट्यापाशी मोजलेलं वरचं (सिस्टोलिक) प्रेशर भागिले दंडाचं.

टेक्निशियन बाई पट्टा नेमका फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या) हाताकडे नेत होत्या. मी हात मागे घेतला. त्या हाताला बीपीचा पट्टा लावत नाहीत, हे विचारायची जागा फॉर्मवरच हवी. सांगितल्यावर त्यांनी कुरकुर न करता दुसरा हात घेतला. सुरुवातीला थोडा वेळ शांत पडून राहू दिलं, हेही चांगलं, कारण हा वेग त्या वेळच्या बीपीवरही ठरतो. मात्र शेवटचं डायलिसिस कधी झालं, हे कुणीच विचारलं नाही. अंगात पाणी साठलेलं असताना आणि ते काढल्यावर बीपी सारखं नसतं; मग पुढच्या वेळी तुलना करायची कशाशी? शेवटी मीच पेनाने लिहून ठेवलं.

आता रिपोर्ट. एबीआय 1.46, आणि शेजारी हिरव्या रंगात ‘उत्तम रक्तप्रवाह’!

हा आकडा 0.90 च्या खाली असला तर पायात अडथळ्याचा संशय घेतात. पण 1.40 च्या वर गेला म्हणजे पाय फार छान आहेत असं नाही, धमनी पट्ट्याने दाबलीच जात नाहीये. आमच्या आजारात फॉस्फेट नीट बाहेर पडत नाही आणि धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम बसतं. तिथल्या स्नायूपेशी चक्क हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. कोलेस्टेरॉलचे थर आतल्या बाजूला साचतात, ते प्रकरण निराळं. अशी टणक नळी दाबायला जास्त प्रेशर लागतं आणि मशीन तेवढंच नोंदवतं. त्याच्याआड खरा अडथळासुद्धा लपू शकतो. गेज बरोबर होतं, शिक्का चुकीचा मारला.

अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजतात, कारण तिथल्या बारीक धमन्या बहुधा या कॅल्शियमच्या तावडीतून सुटतात. ते दंडाच्या प्रेशरच्या 0.70 पटीपेक्षा कमी भरलं तर गडबड. या सेंटरमध्ये अंगठ्याचा पट्टाच नाही. काउंटरवर विचारलं, तर ‘पॅकेजमध्ये येत नाही’.

‘रक्तवाहिन्यांचं वय’ असाही एक रकाना आहे. घाबरवण्यापलीकडे त्याचा मला उपयोग दिसला नाही.

किडनीच्या डॉक्टरांनी तो हिरवा शेरा खोडला, अंगठ्याच्या तपासणीसाठी दुसरीकडे पाठवलं आणि माझी फॉस्फेट कमी करायची गोळी कॅल्शियमवाली आहे, ती बदलायची का याचा विचार सुरू केला. बसलेलं कॅल्शियम खरवडून काढणारं औषध नाही. फॉस्फेट, बीपी आणि अंगातलं पाणी सांभाळायचं, तंबाखू असेल तर सोडायची.

जायचंच असेल तर आधी फोन करून अंगठ्याचा पट्टा आहे का ते विचारा. नसेल तर निदान आकडे छापून घ्या, आणि रंगांकडे न बघता कागद थेट डॉक्टरांपुढे ठेवा.