अल्फा-टोकोफेरिल सक्सिनेट आणि गॅमा-टोकोट्रायनॉल: कर्कपेशींवर सहा महिने वापरल्यानंतर

प्रयोगशाळेत प्लेटमध्ये वाढवलेल्या कर्कपेशी (कर्करोगाच्या पेशी) व्हिटॅमिन ईच्या प्रकारांनी मरतात का, हे तपासायचं असेल तर नुसतं ‘व्हिटॅमिन ई’ लिहिलेली बाटली या कामाला घेऊ नका. त्या नावाखाली चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायनॉल येतात, आणि त्यांचे गुण सारखे नाहीत. साध्या अल्फा-टोकोफेरॉलला बहुतेक कर्कपेशी दाद देत नाहीत, त्याच्या अ‍ॅसिटेट एस्टरचंही तेच. मारक ठरतात ते त्याचा सक्सिनेट एस्टर (अल्फा-टोकोफेरिल सक्सिनेट) आणि गॅमा व डेल्टा टोकोट्रायनॉल, तेही साधारण १० ते ५० मायक्रोमोलरला.

सक्सिनेटचा रेणुभार ५३०.८. १ मिली निर्जल इथेनॉलमध्ये १०.६ मिग्रॅ विरघळवलं की २० मिलिमोलर स्टॉक (पुढे पातळ करायचं दाट द्रावण) तयार. तो पाचशेपट पातळ केला की ४० मायक्रोमोलर, इथेनॉल ०.२ टक्के. कंट्रोललाही (तुलनेसाठी ठेवलेल्या, औषध न दिलेल्या पेशींना) तेवढंच इथेनॉल द्या. थंड मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) स्टॉक एकदम सोडला तर तो फुटतो, बारीक कण तरंगतात, आणि मग पेशींना नेमकं किती मिळालं याचा हिशेबच उरत नाही. मीडियम ३७ अंशांवर आणून, हलवत हलवत थोडं थोडं घाला. टोकोट्रायनॉल आधी अल्ब्युमिनच्या द्रावणात मिसळून घेतलं की हा त्रास बराच कमी होतो.

मीडियममधलं सिरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) १० टक्क्यांवरून २ वर आणलं की तोच डोस जास्त परिणाम करतो, कारण संयुगाला धरून ठेवणारी प्रथिनं कमी होतात. सिरमचं प्रमाण न लिहिता दिलेला आयसी-५० (परिणाम निम्म्यावर आणणारं प्रमाण) त्यामुळे आमच्या लेखी निरुपयोगी.

खरी फसगत एमटीटीत आहे, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजण्याच्या चाचणीत. सक्सिनेट मायटोकाँड्रियातल्या कॉम्प्लेक्स-२ या एन्झाइममध्ये युबिक्विनोन या रेणूची जागा अडवतं, आणि एमटीटीचा जांभळा रंग काही अंशी त्याच एन्झाइमवर अवलंबून. रंग उतरला एवढ्यावरून पेशी मेल्या असं म्हणता येत नाही. टोकोट्रायनॉलचं उलटं: त्याचा मोकळा फिनॉल गट पेशी नसतानाही रंग आणू शकतो. प्लेटमध्ये बिनपेशींचे वेल (खळगे) ठेवाच, शिवाय मेलेल्या पेशी रंगवणारा ट्रायपॅन ब्लू आणि मरू लागलेल्या पेशी ओळखणारं अ‍ॅनेक्सिन-५ यांनी पडताळा.

निरोगी पेशी सक्सिनेट बऱ्यापैकी सोसतात, कारण त्यांची एस्टरेझ एन्झाइमं ते तोडून साधं अल्फा-टोकोफेरॉल करून टाकतात. तोंडावाटे घेतल्यास आतड्यातही हेच घडतं, म्हणून प्लेटमधले आकडे कॅप्सूलला लावायचे नाहीत. सेलेक्ट या माणसांवरच्या मोठ्या चाचणीत तर रोज ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) अल्फा-टोकोफेरिल अ‍ॅसिटेट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कर्करोग १७ टक्के जास्त आढळला (२०११).

साठवणीत सक्सिनेट सोशिक, फिनॉल झाकलेला असल्याने. टोकोट्रायनॉल मात्र नाजूक: गडद काचेच्या छोट्या कुप्या, वर आर्गॉन किंवा नायट्रोजन, उणे २० अंश. एकदा उघडलेली कुपी परत ठेवायची नाही. रंग तपकिरीकडे झुकला की सरळ फेकायची.