कॅमॅरोच्या रिस्टोरेशनमध्ये माझे २७,६५० डॉलर गेले, तुम्ही सावध राहा

गाडी १९६८ ची शेव्हरले कॅमॅरो, ओहायोतल्या नॉर्वुडच्या कारखान्यातली. ३२७ चं (३२७ घन इंची) इंजिन मूळचंच. ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावरचा, शिक्का व्हीआयएनशी (गाडीच्या ओळख क्रमांकाशी) जुळणारा. गाडी नव्यासारखी करायला गॅरेजवाल्याकडे दिली; मूळ गाडीत बदल म्हणून मी फक्त पाच गिअर आणि पुढे डिस्क ब्रेक मागितले होते. इंजिन बदलायचं नाही, हे लेखी दिलं होतं.

बुकिंगचे ६,००० डॉलर. फ्लोअर पॅन (तळाचा पत्रा) आणि दोन्ही क्वार्टर पॅनलचे (मागच्या चाकांवरच्या पत्र्यांचे) ११,५००. इंजिन आणि गिअरबॉक्सचे ७,८००. मग ‘रंगाचे भाव वाढतायत, आजच भरा’ म्हणून २,३५०. एकाच्या पैशातून दुसऱ्याची गाडी पुरी करायची, हा धंदा तुम्हाला माहीत आहेच. सगळे पैसे त्याने बँक ट्रान्सफरनेच घेतले. क्रेडिट कार्ड नाकारणाऱ्या गॅरेजात गाडी टाकूच नका.

पत्र्याचे पैसे दिल्यावर ‘तुमची गाडी’ म्हणून फोटो आला. राखाडी प्रायमर (रंगाखालचं अस्तर), सरळ रेषा, बघतच राहावी अशी. आणि दाराच्या काचेपुढे छोटी तिकोनी काच! ६८ च्या कॅमॅरोला ती काच नसतेच. ती ६७ ला होती, पुढच्या वर्षी शेव्हरलेने काढून टाकली. फेंडरवर (पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर) साइड मार्कर दिव्याची खाचही नव्हती. ते दिवेही ६८ लाच आले. म्हणजे तो फोटो दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा. दोन्ही खुणा मला पाठ आहेत, तरी मी तो फोटो भावाला पुण्याला पाठवला आणि पुढचे १०,१५० डॉलर भरले. आजही तो फोटो उघडला की अंगाची लाही होते. पण या दोन वर्षांच्या बॉडी प्रायमरमध्ये जवळजवळ सारख्याच दिसतात, आणि माझ्या ओळखीतल्या दोघांच्या गाड्या त्याने खरोखर उत्तम करून दिल्या होत्या. कुणीही विश्वास ठेवला असता.

गाडी परत आली ती अर्धवट. क्वार्टर पॅनलला लोहचुंबक चिकटेना, आत नुसती पुट्टी. ब्लॉकवर शिक्का ‘१८एन’ने (शेव्हरले, ६८, नॉर्वुड) सुरू होणारा, आकडे माझेच, पण ती जागा घासून गुळगुळीत केलेली. कारखान्यात मशीनिंग करताना उठणाऱ्या बारीक समांतर रेषाच नाहीत. माझं इंजिन विकलं आणि दुसऱ्या ब्लॉकवर माझा नंबर ठोकला! गाडी देण्याआधी त्या जागेचा जवळून फोटो काढून ठेवा.

पोलीस म्हणाले, ‘गाडी तुमच्याकडेच आहे ना, मग चोरी कसली? हा दिवाणी वाद.’ खोटा नंबर ठोकणं हाही दिवाणी वाद? रक्कम छोट्या दाव्यांच्या कोर्टाच्या मर्यादेत बसत नाही; वकिलाने आधीच ५,००० मागितले. गॅरेजना परवाने देणाऱ्या खात्याने अर्ज घेतला, गॅरेजचं उत्तर मागवलं, ते मला पाठवलं आणि फाइल बंद केली. त्या उत्तरात काय होतं? माझ्याच नावावर गाडी ठेवल्याच्या जागाभाड्याचं बिल! ब्लॉक बघायला एक माणूस आला नाही. पुन्हा अर्ज केला, तर तेच पत्र तारीख बदलून आलं. मग परवाना कशासाठी देता? भिंतीवर लावायला?

महिन्यातून एकदा न सांगता गॅरेजात जा. ‘आज नको’ म्हणाला तर त्याच दिवशी गाडी उचला. काम बघितल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. आणि कुणी सुटं ३२७ विकत असेल, शिक्का ‘१८एन’ने सुरू होत असेल आणि सोबत गाडीचे कागद नसतील, तर घेऊ नका, मला पूर्ण नंबर कळवा.