तलंगा जुन्या कोंबड्यांत कशा बसवाव्यात: रात्री उचलून, जाळीआड की खुडकीच्या पंखाखाली?

तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, तीन-साडेतीन महिन्यांच्या झाल्या की त्यांना जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात बसवायचं काम निघतं आणि सल्ले सुरू होतात. आमच्या परभणीकडं सगळ्यांत जास्त ऐकू येणारा सल्ला चुलतीच्या तोंडचा: "राती उचलून दांडीवर ठिव, सकाळी त्यांना वाटतंय ह्या आपल्याच." हे निम्मंच खरं आहे. तिन्ही पद्धती मी करून बसलोय, म्हणून कुणी विचारलं की आधी उलटा प्रश्न करतो: दिवस उजाडताना खुराड्यापाशी कोण असतं? तुम्ही शेतातल्या आखाड्यावर राहता, की गावात झोपून आठ-नऊला शेतात येता? निम्मा निकाल तिथंच लागतो.

रात्री उचलून ठेवणं

खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटं. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, त्यामुळं ती भांडत नाही. पूर्ण अंधार पडल्यावर तासाभरानं जायचं, बॅटरीवर फडकं बांधून उजेड मंद करायचा. तलंग छातीखालून दोन्ही हातांनी उचलायची आणि पायाची बोटं दांडीला टेकवायची, पकड ती आपोआप घेते. शेजारची जुनी कोंबडी जरा कुरकुरते, सरकते, गप्प होते. बघायला इतकं सोपं वाटतं की काम फत्ते झालं असं समजून माणूस झोपायला जातो.

खरी अडचण सकाळी असते. कोंबड्यांत कुणी कुणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या थोर्लेफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ साली ती नीट मांडली, पण अंगणात कोंबड्या असलेल्या कुठल्याही आजीला ती ठाऊकच असते. रात्रीच्या अंधारानं ही उतरंड मोडत नाही, फक्त पुढं ढकलली जाते. फटफटलं की दांडीवरून उतरतानाच नवख्यांची हजेरी घेतली जाते, आणि तेव्हा दार बंद असेल तर पळायला जागा नाही.

माझं तेच झालं. सहा तलंगा अशाच ठेवल्या. त्या आठवड्यात मोटारीला रात्रीची लाईट होती. हरभऱ्याला पाणी देऊन पहाटे डोळा लागला आणि खुराडं उघडलं साडेआठला. पाच तलंगा कोपऱ्यात एकमेकींवर चढलेल्या, सहावी पाण्याच्या डब्यामागं तोंड खुपसून उभी. डोक्याच्या मागं बोटभर जागा पिसाविना, लालभडक. रक्त दिसलं की बाकीच्याही तिथंच चोच मारतात, म्हणून तिला दहा दिवस वेगळी ठेवावी लागली. चूक कोंबड्यांची नव्हती, दार उशिरा उघडलं मी.

म्हणून, पहाटे दार उघडायला माणूस असेल आणि बाहेर मोकळं अंगण असेल तरच ही पद्धत. तेही पाच-सात रात्री लागोपाठ, कारण दुसऱ्या संध्याकाळी तलंगा आपणहून आत जातीलच असं नाही. एकटी तलंग कधीच टाकू नका. निदान तीन-चार एकदम टाका, म्हणजे मार वाटला जातो.

जाळीआड शेजार

गावात झोपणाऱ्यांसाठी माझं मत सरळ याच बाजूला. खुराड्याचा एक कोपरा एक इंचाच्या जाळीनं तोडायचा, तलंगा आतल्या बाजूला. दाणा-पाणी दोन्हीकडं वेगळं. मुख्य गोष्ट दांडीची. ती जाळीच्या दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर आणि जाळीपर्यंत येऊन भिडलेली हवी. मग चार-पाच रात्रींत असं दिसतं की दोन्हीकडच्या काही जणी जाळीला खेटून झोपल्यात, पंखाला पंख, मध्ये फक्त तार. सुरुवातीला जाळीवर चोचा आपटतात, नंतर कंटाळतात. दोन आठवडे ठेवायची आणि मग संध्याकाळी, दांडीवर बसायच्या वेळेला काढायची. सकाळी थोडी टोचाटोची होतेच, पण ती ओळखीतली.

जाळी विकत आणायलाच पाहिजे असं नाही. मी एक हंगाम जुनी काथ्याची बाज उभी करून भागवलं होतं. तुराट्यांचा कूड मात्र नको, त्यातून एकमेकींना दिसत नाही आणि सगळा उद्देशच जातो.

तोटा एवढाच की जागा लागते, आणि दोन आठवडे दोन भांडी धुवावी लागतात.

खुडकीच्या पंखाखाली

जमलं तर याच्यासारखं काही नाही. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, गावरान कोंबडीखाली एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री सरकवली की ती आपली म्हणून सांभाळते. जुन्या कोंबड्यांना पिल्लं पहिल्यापासून दिसतात, जवळ गेल्या तर खुडकीच अंगावर धावते. पुढं तीच पिल्लांना घेऊन दांडीवर चढते. सहा-आठ आठवड्यांनी आई त्यांना हाकलून देते, पण तोवर पिल्लं कळपातलीच झालेली असतात. "बसवायचं" असं काही उरत नाही.

पण हे हातात नसतं. कोंबडी खुडूक होईल तेव्हाच. एकीखाली दहा-बारा पिल्लांच्या वर नको. वनराजा, ग्रामप्रियासारख्या, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं काढलेल्या सुधारित जाती फारशा खुडूक होत नाहीत. आणि तलंगा आधीच तयार होऊन दारात उभ्या असतील तर हा पर्याय या वर्षापुरता गेलाच.

कोणतीही निवडली तरी

तलंगा आठवडी बाजारातून किंवा गाडीवाल्याकडून आणलेल्या असतील तर वरचं सगळं तीन आठवडे थांबवा. राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग दिसायला दोन आठवडेसुद्धा लागू शकतात, आणि रात्री उचलून ठेवलेली एक आजारी तलंग अख्खं खुराडं रिकामं करते. लांब ठेवा, भांडी वेगळी, आधी जुन्या कोंबड्यांचं करून मग त्यांच्याकडं जा.

दांड्या शिडीसारख्या वर-खाली नकोत, एका पातळीत हव्यात. शिडी केली की वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी होते, आणि आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याजवळची ती जागा तशीही भट्टी असते. कोंबडीमागं एक वीत जागा धरा, दांडी दोन इंच जाडीची, कडा घासलेल्या. भारी अंगाच्या वनराजासाठी उंची दीड फूट पुरे. ब्रूडरमध्ये, म्हणजे आईविना दिव्याच्या उबेत, वाढलेल्या तलंगांना दांडी म्हणजे काय हेच माहीत नसतं. त्यांना महिन्याच्या असतानाच विटेवर टेकवलेली काठी द्या, नाहीतर पुढं अंडी घालायच्या टोपलीत झोपतात आणि ती घाण करतात. संध्याकाळी टोपल्या पालथ्या घाला.

जुन्या कोंबड्यासुद्धा आत जायला कां-कू करत असतील तर भांडणाआधी दांडीच्या फटी बॅटरीनं बघा. गोचीड तिथं दिवसभर दडते आणि रात्री रक्त पिते.

खाद्यही एकत्र होतं, तिथं चूक होते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, ते तलंगांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. तलंगांचं पहिलं अंडं येईपर्यंत सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. ज्यांना पाहिजे त्या खातात.

एवढं करून एखादी म्हातारी खवीस ऐकतच नसेल तर मार खाणारीला बाजूला काढू नका, मारणारीला काढा. आमची तांबडी तशी. चार दिवस डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, ठेवली, सोडल्यावर परत तेच. पुन्हा पाच दिवस. दुसऱ्यांदा सोडली त्या संध्याकाळी मधली जागा दोन तलंगांनी धरली होती, आणि तांबडी दांडीच्या टोकाला, दाराच्या वाऱ्यात अंग चोरून बसली होती.