विज्ञानाचा गृहपाठ: व्हिडिओ लावून द्यावा की हाताने करून दाखवावं?

मुलांना विज्ञानाच्या गृहपाठात मदत करायची तर एकतर धड्यावरचा चांगला व्हिडिओ लावून द्यायचा, नाहीतर हाताशी असेल ते घेऊन त्यांच्याबरोबर बसायचं. मी बराच काळ पहिलं केलं, आता बहुतेक वेळा दुसरं करतो.

व्हिडिओला कमी लेखायचं कारण नाही. हृदयाचे चार कप्पे, झडपा, फुप्फुसांतून डाव्या बाजूला परतणारं रक्त, हे कागदावर बाण काढून समजावताना माझी दमछाक झाली होती. हलत्या चित्रात तेच दोन मिनिटांत कळलं. पेशीविभाजन, ज्वालामुखी अशा घरात दाखवताच येत नाहीत त्या गोष्टींसाठी व्हिडिओच बरा. रात्री उशिरा वही पूर्ण करायची असेल तरीही.

मला खटकली ती एकच गोष्ट. मुलाचं नेमकं कुठे अडलंय, हे व्हिडिओ विचारत नाही. मुलगी सहावीत असताना चंद्राच्या कलांवर प्रश्न आला. तिने व्हिडिओ दोनदा पाहिला आणि "समजलं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, अष्टमीला चंद्र अर्धा का दिसतो? उत्तर आलं, "पृथ्वीची सावली पडते म्हणून." हा समज आधीपासूनच तिच्या डोक्यात होता आणि व्हिडिओ पाहूनही जागचा हलला नव्हता. पुढे आणखी दोन-तीन धड्यांत असंच झालं.

मग खोलीत अंधार करून एकच बल्ब लावला. तिने चेंडू हात लांब करून समोर धरला आणि जागच्या जागी फिरायला लागली. बल्ब उजवीकडे आला तेव्हा चेंडू बरोबर अर्धा उजळला. "आता सावली शोध," म्हटलं. तिच्या डोक्याची सावली डावीकडच्या भिंतीवर होती, चेंडूच्या आसपासही नाही. बल्बकडे पाठ केली तशी ती चेंडूवर आली. "हे तर ग्रहण!" हात थोडा वर घेतला आणि पौर्णिमा झाली. लगेच तिचा प्रश्न: मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही? चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली असते, त्यामुळे तो बहुधा सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो, हे तिला हाताच्या उंचीवरूनच उमगलं.

यात वेळ जातो, हे खरं. शिवाय आपलंच चुकीचं असेल तर तेच मुलाच्या डोक्यात बसतं. पाण्यातल्या पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा ठेवला की पाणी वर चढतं, ते ऑक्सिजन संपल्यामुळे, असं मीही ठामपणे सांगून बसलो होतो. मुख्य कारण वेगळं आहे: ज्योत विझली की गरम झालेली हवा थंड होऊन आकसते. बारकाईने पाहिलं तर पाणी ज्योत विझतानाच भरभर चढतं. इथे एखादा चांगला व्हिडिओ माझ्यापेक्षा भरवशाचा ठरला असता.

आठवी-नववीच्या मुलांचं मला नक्की सांगता येणार नाही, त्यांना कदाचित व्हिडिओ पुरत असेल. पाचवी ते सातवीसाठी मात्र मी आधी बल्ब आणि चेंडूच काढेन. व्हिडिओ लावलाच, तर "समजलं" ऐकल्यावर कोरा कागद पुढे ठेवून म्हणेन, "आता तू मला काढून दाखव."