गिझरला लावलेला स्मार्ट प्लग : दिवाळी ते आषाढ, आमच्या घरचा अनुभव

स्मार्ट प्लग म्हणजे सॉकेट आणि गिझर यांच्या मध्ये बसणारी डबी, जी फोनवरच्या ॲपवरून किंवा ठरल्या वेळी वीज चालू-बंद करते. आधीच सांगते, प्लगच्या कंपनीचं नाव लिहिणार नाही. घेतलेल्या दोनपैकी एकाने तोंड पोळलं, दुसरा बरा निघाला. पण अशा कित्येक ब्रँडच्या डब्या आतून सारख्याच असतात, फक्त वरचं स्टिकर बदलतं. म्हणून ब्रँडपेक्षा वस्तू काय करते आणि काय करत नाही, त्याबद्दलच लिहिते.

आम्ही ठाण्याला पोखरण रोड नंबर दोनच्या बाजूला राहतो. सोसायटी नव्वदच्या दशकातली, सात मजली. येऊरचा डोंगर जवळ असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटे इकडे नौपाड्यापेक्षा जरा जास्तच गारठा असतो, आणि तेवढ्यावर आमची माणसं स्वेटर काढतात. घरात आम्ही चौघं : सासूबाई, नवरा, मी आणि कॉलेजात जाणारा मुलगा. गिझर पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा, जुना. आणि त्यावरून होणारी कुरकुर गिझरपेक्षाही जुनी. सासूबाई पाचला उठतात, गिझर लावतात, आणि तो दुपारी बाराला कुणाच्या तरी लक्षात येतो. “आई, गिझर चालूच आहे अजून!” हे वाक्य आमच्याकडे नवरा, मी आणि मुलगा, तिघंही एकाच सुरात म्हणायचो.

म्हणून गेल्या दिवाळीच्या आधी गोखले रोडवरच्या एका दुकानातून स्मार्ट प्लग आणला. गिझरसाठी घेत असाल तर १६ अँपिअरचाच घ्या. दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढतो आणि तीन किलोवॅटचा तेरा. १० अँपिअरवाले स्वस्त प्लग टेबललॅम्पसाठी ठीक. आणि त्याला वीज मोजता येते का तेही विचारा. दुकानदार आपणहून सांगत नाही, कारण तसा प्लग शे-दोनशे रुपयांनी महाग असतो आणि गिऱ्हाईक स्वस्तातला उचलतं. माझं मत विचाराल तर मोजणीशिवायचा घेऊच नका.

पहिला प्लग तीन आठवडे चालला. म्हणजे प्लग चालत होता, पण त्याचं वेळापत्रक प्लगमध्ये नव्हतं, कंपनीच्या सर्व्हरवर होतं. आपल्या न्हाणीघरातला गिझर सव्वापाचला लावायचा की नाही, हे कुठल्यातरी परमुलखातलं यंत्र ठरवणार. एका पहाटे त्यांचा सर्व्हर बंद पडला आणि नवरा थंड पाण्याने अंघोळ करून ऑफिसला गेला. त्या दिवशी तो माझ्याशी फारसा बोलला नाही. दुसरा प्लग घेताना दुकानातच राउटर बंद करायला लावलं आणि दोन मिनिटांनंतरची वेळ लावून बघितली. इंटरनेट नसताना ठरल्या वेळी टक्कन आवाज आला, मग साडेअकराशे रुपये मोजले.

हे प्लग बहुतेक करून २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. नव्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे एकाच नावाने असले की जोडणी करताना डोकं फिरतं. आमचा राउटर हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. शेवटी राउटर शोकेसवर चढवला. मुलाने हे काम केलं आणि आठवडाभर त्याचं श्रेय घेतलं.

आता मुख्य अडचण. ती वायफायची नव्हती, बाहेरच्या बटणाची होती. आपल्याकडे गिझरचं मोठं बटण बाथरूमच्या बाहेर असतं, त्यावर लाल दिवा असतो. प्लग आत, गिझरशेजारच्या सॉकेटमध्ये. बाहेरचं बटण बंद केलं की प्लगचाच जीव जातो, मग कसलं ॲप आणि कसलं वेळापत्रक. सासूबाईंचा हात चाळीस वर्षांच्या सवयीने रात्री झोपताना त्या बटणावर जाणारच. मी बटणावर चिकटपट्टी लावली. त्यांनी ती दोन दिवस बघितली आणि म्हणाल्या, “बटणाला चिकटपट्टी लावलेलं घर मी पहिल्यांदा बघतेय. मग बटण कशाला ठेवलंय?” मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

वैतागावरून आठवलं, अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन नावाचे एक प्राध्यापक होते. वर्गात किती गरम-गार आहे ते बघायला शिपाई सारखा तास मोडून आत येई, त्याला ते वैतागले आणि १८८३ साली त्यांनी खोलीतल्या विजेच्या थर्मोस्टॅटचं, म्हणजे तापमानावर आपोआप लक्ष ठेवणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं. माणसाचा वैताग आणि यंत्राचा शोध यांची सोयरीक तेव्हापासूनची. फरक इतकाच की त्यांचा शिपाई तरी तळघरात जाऊन भट्टीचं झाकण हलवत होता. आपल्या गिझरमध्ये थर्मोस्टॅट आधीच बसवलेला असतो. पाणी साठ अंशांच्या आसपास गेलं की तो स्वतःच वीज तोडतो. म्हणजे “गिझर चालू राहिला” याचा अर्थ दोन किलोवॅट सतत जळत राहिले असा नाहीच. हे मला शाळेत शिकवलं होतं, पण घरातल्या भांडणात शाळा कुणाला आठवते?

ते आठवायला शिमगा यावा लागला. तीन दिवस चिपळूणला गेलो. निघताना प्लग ॲपवरून बंद केला. बाहेरचं बटण सासूबाईंनी बंद केलं नाही, कारण त्यावर माझी चिकटपट्टी. आमच्या पाठोपाठ ठाण्यात वीज गेली आणि आली, आणि प्लगमध्ये ‘वीज परत आल्यावर चालू’ असं कंपनीनेच लावून ठेवलेलं होतं. गावात पालखी नाचत असताना फोन कोण बघतं. परतीच्या वाटेवर ॲप उघडलं तर गिझर तीन दिवस चालू. पोटात गोळा आला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “माझ्या सवयीने बटण बंद करून गेले असते तर?”

घरी येऊन आकडे बघितले आणि मी दोनदा बेरीज केली. तीन दिवसांत २.७ युनिट. म्हणजे दिवसाला ०.९. आलेखात दर अडीच-पावणेतीन तासांनी तीन मिनिटांचा एक सुळका, बाकी सपाट. टाकीतून झिरपून गेलेली उष्णता तेवढ्यात भरून निघत होती. आमचं बिल भागिले युनिट केलं तर सगळे आकार धरून युनिटला साधारण ११ रुपये पडतात. तीन दिवस बंद घरात गिझर चालू राहिला त्याची किंमत तीस रुपये. मग सासूबाईंनी पहाटेनंतर चार-पाच तास गिझर चालू ठेवल्याने रोज किती जात होते? जास्तीत जास्त दोन रुपये. दोन रुपयांसाठी आम्ही तिघं रोज त्या बाईला बोलत होतो.

मग खरी वीज कुठे जाते ते शोधलं. सत्तावीस अंशांचं पंधरा लिटर पाणी साठवर न्यायला हिशोबाने पावणेसहा दशांश, म्हणजे ०.५८ युनिट लागतं आणि सतरा-अठरा मिनिटं. प्लगवरही तेवढंच दिसतं, जानेवारीत ०.७ पर्यंत. सासूबाईंची बादलीतली अंघोळ ०.४. माझी आणि नवऱ्याची अर्ध्या युनिटच्या आसपास. चिरंजीव शॉवरखाली गाणी म्हणतात, गिझर रिकामा करतात, थांबून परत भरतात : १.१. आणि आजीला सगळ्यात मोठ्या आवाजात कोण ओरडायचं? तोच.

एक युक्ती मात्र हाती लागली, आणि तिला प्लग लागतच नाही. शेवटच्या माणसाने अंघोळीला आत जाताना गिझर बंद करून जायचं. टाकीतलं गरम पाणी त्याला पुरतं, आणि त्याच्या मागून टाकीत येणारं गार पाणी गारच राहतं. नाहीतर गिझर ते पंधरा लिटर कुणासाठी नसताना तापवतो आणि संध्याकाळपर्यंत त्यातली जवळपास निम्मी ऊब हवेत जाते. एवढ्याने आमची महिन्याला दहाएक युनिटं वाचली. एप्रिल-मे त्यातून वगळा. तेव्हा गच्चीवरच्या टाकीतून दुपारी नळालाच कढत पाणी येतं, गिझरकडे कोण बघतो. एकूण प्लगचे साडेअकराशे रुपये अजून पुरते वसूल झालेले नाहीत, साडेसहाशेच्या आसपास झाले असतील. आणि तेही युक्तीचे, प्लगचे नव्हेत.

प्लगचा आकडा खरा कशावरून, हा प्रश्न नवऱ्याने काढला. तो हिशोबतपासनीस आहे, त्याचं चुकलं नाही. मग एका रविवारी घरातलं सगळं बंद करून फक्त गिझर लावला आणि मी खाली मीटरच्या खोलीत गेले. आमच्याकडे आता स्मार्ट मीटर बसलाय. त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० हा आकडा छापलाय, म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुका. एका मिनिटात १०४ मोजल्या. १०४ गुणिले ६० भागिले ३२००, म्हणजे १.९५ किलोवॅट. त्याच वेळी मुलाने वरून फोनवर सांगितलं, प्लग १९१० वॅट दाखवतोय. दोन टक्क्यांचा फरक. साडेअकराशेच्या वस्तूला एवढं पुष्कळ झालं. वॉचमनकाका मात्र मी झुरळांमध्ये उभी राहून तोंडाने काय मोजतेय ते बघत होते. त्यांनी नंतर सासूबाईंकडे माझ्या तब्येतीची चौकशी केली.

लहानपणी मीटरमध्ये काचेआड तबकडी फिरायची, तिच्यावरची काळी खूण कधी येते ते बघायला मला फार आवडायचं. तसला मीटर हंगेरीच्या ओट्टो ब्लाथींनी १८८९ साली केला आणि शंभर वर्षं तो जगभर फिरत राहिला. दुरून मीटर वाचायची कल्पनाही वाटते तेवढी नवी नाही. थिओडोर पारास्केवाकोस या मूळच्या ग्रीक संशोधकाने १९७४ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून मीटरचं वाचन पाठवण्याचं अमेरिकी पेटंट घेतलं होतं. आपल्याकडे ते आता मोबाईलच्या नेटवर्कवरून होतं, एवढंच. वाचन घ्यायला येणारा मुलगा पूर्वी फोटो काढून जायचा, आता येत नाही. गॅसचा मीटर मात्र ओट्याखाली आकडे फिरवत बसलेला आहे, त्याचा फोटो आम्हीच पाठवतो.

विजेच्या या स्मार्ट मीटरमुळे घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर सवलत सुरू झाली, जुलै २०२५ पासून युनिटला ८० पैशांपासून. मुलाने लगेच बेत काढला : प्लगने साडेचारला गिझर लावू, रात्री साडेनऊला त्या पाण्याने अंघोळ. हिशोब मांडला. ०.६ युनिटवर वाचले ४८ पैसे. पाच तास पाणी गरम ठेवण्यात गेले दोन रुपये. बेत रद्द. वॉशिंग मशीन दुपारी लावणं ठीक आहे, पण गार पाण्यातल्या धुण्याला वीज लागते ती केवढीशी, त्यातून वाचणाऱ्या पैशांत साबणाचा चुराही येणार नाही.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. सहाव्या महिन्यात प्लगच्या पिना काळपट दिसल्या. जड प्लग सॉकेटमधून लोंबकळत होता, त्यामुळे पिना सैल, सैल जागी उष्णता, वर बाथरूमची वाफ. शास्त्रीनगरचे इलेक्ट्रिशियन दादा आले, नाक मुरडून म्हणाले, “ताई, हे आत लावायचं नसतंच.” त्यांनी सॉकेट बदललं आणि जोडणी बाथरूमच्या बाहेर घेतली. खर्च प्लगच्या निम्मा. तुमच्याकडे प्लग असेल तर महिन्यातून एकदा, वीज बंद करून, पिना बघा. हात लावून प्लग गरम वाटला तर तो काढा. दादांनी थर्मोस्टॅट पंचेचाळीसवर आणायचंही सुचवलं होतं, ते मी ऐकलं नाही. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात, साठ अंशांना ते टिकत नाहीत.

आता घ्यावा की नाही? दुरून चालू-बंद करायला घेत असाल तर पैसे ठेवून द्या. गेल्या दोन महिन्यांत मी ॲपवरून गिझर एकदाही लावलेला नाही. परदेशात मोठ्या कंपन्यांची यंत्रंही अशी मुकी झाली आहेत : गूगलच्या ‘नेस्ट’ या ब्रँडच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटना ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲपचा आधार मिळायचा बंद झाला. भिंतीवर ते हाताने चालतात, फोनवरून नाही. पण महिनाभर घरातली एकेक वस्तू मोजायला घेत असाल तर जरूर घ्या. गिझर झाला की फ्रिज, मग टीव्हीशेजारचा डबा. मोजून झालं की शेजाऱ्यांना द्या, आमचा नुकताच चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या फ्रिजला जाऊन आलाय.

चिकटपट्टी मी चैत्रात काढली. वेळापत्रकही काढून टाकलं. सासूबाई पाचला उठून बाहेरचं बटण लावतात, प्लग नुसता मोजत बसतो. अंघोळी आटोपल्या की त्या मला हाक मारतात, “आज किती झालं गं?” मी आकडे सांगते आणि त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाखाली, पेन्सिलीने लिहून ठेवतात. चौघांचे चार आकडे. नातवाचा लाल पेन्सिलीने.