‘ओरिजिनल हेअर’चा फाउंडेशन ब्रश : पैसे कुठे आणि कसे बुडतात

ब्रशाच्या खरेदीत फसलेली बाई बहुतेक वेळा फाउंडेशनला दोष देते. या फसवणुकीतला सर्वांत वाईट भाग हाच. ब्रशचे तीन-चारशे रुपये गेले ते गेलेच, पण गालावर रेघा उठल्या, नाकाशेजारी बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, गोळा झाला, तासाभरात पॅच दिसू लागले की हजाराची बाटली बदलली जाते. नवी बाटलीही त्याच ब्रशने लावली जाते आणि तीही ‘सूट होत नाही’. पुढे पाळी येते ती त्वचेला दोष देण्याची. ब्रश विकणारा या सगळ्यातून नामानिराळा राहतो.

म्हणून आधी दोष नेमका कुणाचा, ते पाहा. धुतलेल्या चेहऱ्यावर नेहमीचं मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटं थांबा. फाउंडेशनचा एक पंप हाताच्या पाठीवर घ्या. अर्धं फाउंडेशन उजव्या गालावर बोटाने थापून लावा, अर्धं डाव्या गालावर ब्रशने. उजवा गाल एकसारखा आणि डावा रेघारेघांचा दिसला तर ब्रश चुकीचा आहे. दोन्ही गालांवर मळीसारख्या वळ्या सुटत असतील तर बेस आणि त्याखालचा थर एकमेकांशी जुळत नाहीत. सिलिकॉनच्या प्रायमरवर पाण्याचं प्रमाण जास्त असलेलं फाउंडेशन लावलं की असं होतं. तिथे ब्रश बदलून उपयोग नाही.

आता मुख्य फसवणूक. जाहिरातीत लिहिलेलं असतं: ‘शंभर टक्के नॅचरल हेअर’, ‘गोट हेअर’, ‘प्रोफेशनल’, आणि खाली ‘लिक्विड फाउंडेशनसाठी सर्वोत्तम’. नैसर्गिक केस आणि लिक्विड फाउंडेशन हे दोन दावे एकत्र दिसले की तिथेच थांबा. बकरी, खार, घोडा यांच्या केसावर आपल्या केसासारखेच बारीक खवले असतात. पावडर आणि ब्लशसाठी ते गुणाचे, कारण कोरडी भुकटी त्यांत अडकते आणि गालावर हळूहळू सुटते. पातळ फाउंडेशन मात्र असा केस पिऊन टाकतो. एका पंपात होणाऱ्या कामाला दोन पंप लागतात. ओले केस एकमेकांना चिकटून त्यांच्या बारीक जटा होतात आणि प्रत्येक जट चेहऱ्यावर आपली वेगळी रेघ ओढते. धुतानाही मुळाशी बसलेला तेलकट बेस सहज निघत नाही.

नायलॉन किंवा पीबीटी (एक प्रकारचं प्लास्टिक) यांचा कृत्रिम धागा गुळगुळीत असतो. त्याला खवले नसतात, तो द्रव शोषत नाही. फाउंडेशन टोकावर राहतं आणि टोकावरून त्वचेवर जातं. पातळ बेससाठी म्हणून कृत्रिम धाग्याचाच ब्रश घ्यावा. तो स्वस्तातला पर्याय म्हणून नव्हे, योग्य पर्याय म्हणून.

याचा अर्थ असा की ‘नॅचरल हेअर’चा दावा खरा असो वा खोटा, नुकसान तुमचंच. खरा असेल तर या कामाला न चालणारा ब्रश जास्त किंमत देऊन घेतला. खोटा असेल तर साध्या नायलॉनसाठी केसांची किंमत मोजली.

दावा तपासायचा तर ब्रशातून गळालेला एक केस चिमट्यात धरून बेसिनवर काडीने पेटवा. खरा केस जळताना केस जळल्याचाच वास येतो आणि मागे बोटाने चुरडता येईल अशी राख उरते. कृत्रिम धागा वितळतो आणि टोकाला घट्ट मणी होतो. एकच केस घ्या, ब्रश पेटवू नका.

दुसरी फसवणूक आकाराची. जाहिरातीच्या फोटोत ब्रश एकटाच असतो, शेजारी हात नाही की पट्टी नाही. पार्सल उघडल्यावर डोक्याचा घेर बोटाच्या पेराएवढा निघतो. पूर्ण चेहऱ्याला लागणाऱ्या सपाट डोक्याच्या काबुकी (दाट, भरगच्च केसांच्या) ब्रशचा व्यास साधारण अडीच ते तीन सेंटीमीटर असावा. नाकाच्या कडा आणि डोळ्यांखालच्या भागासाठी एक ते दीड सेंटीमीटरचा पुरतो. माहितीत सेंटीमीटर दिलेले नसतील तर विक्रेत्याला लेखी विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

तिसरी, पोकळ डोक्याची. ही ओळखायला अवघड, कारण ब्रश वरून भरगच्च दिसतो. धागे कडेकडेने चिकटवलेले असतात आणि मधे जागा रिकामी. चेहऱ्यावर दाबला की मधला भाग खड्ड्यासारखा आत जातो, फक्त कडा टेकतात आणि गालावर गोल ठसे उमटतात. कितीही घोळवा, ते पुसले जात नाहीत. दोन्ही अंगठ्यांनी केस बाजूला सारून मुळाशी पाहा. गोंद किंवा पुठ्ठ्याची चकती दिसली तर ब्रश परत करा. चांगल्या काबुकीत बोट सहजी मुळापर्यंत जात नाही. हाताच्या पाठीवर दाबून सोडला की डोकं लगेच मूळ आकारावर येतं.

ड्युओ फायबरमध्ये रंगाची लबाडी चालते. या ब्रशात आखूड काळे धागे दाट असतात आणि त्यांच्या वर लांब पांढरे धागे विरळ. फाउंडेशन विरळ टोकांवर राहतं, म्हणून टिपत टिपत लावलं की पातळ थर बसतो. नकली ब्रशात सगळे धागे एकाच लांबीचे असतात, फक्त वरचं टोक पांढरं. डोकं आडवं धरून उजेडासमोर पाहा: पांढरे धागे काळ्यांच्या मधून खालपर्यंत गेलेले दिसले पाहिजेत. मॅक कंपनीचा १८७ (ड्युओ फायबर) किंवा सिग्मा कंपनीचा एफ८० (सपाट काबुकी) यांसारखे क्रमांक मेकअप करणाऱ्यांच्या तोंडी असतात, म्हणून नकला करणारेही तेच आकडे दांड्यावर छापतात. नुसता आकडा पाहून विश्वास ठेवू नका. छपाई नखाने खरवडून निघते का आणि धातूची नळी दांड्यावर हलते का, हे पाहा.

मग येतात ‘२४ पीस’ किंवा ‘३२ पीस’ सेट. मोजून पाहिलं तर स्पंज, पाऊच, ब्रश धुण्याची रबरी चकती हेही पीस धरलेले असतात. उरलेल्यांत डोळ्यांचे एकसारखे सात-आठ ब्रश. फाउंडेशनसाठी म्हणून जो असतो तो बहुधा चपटा, जिभेसारखा. या आकाराने फाउंडेशन पसरतं, मुरत नाही. रेघा राहतात आणि त्या ओल्या स्पंजाने दाबून घ्याव्या लागतात. तो वाईट नाही, पण नवशिक्या हाताला अवघड आहे. तीस ब्रशांचे पैसे एका चांगल्या सपाट काबुकीत घातले तर रोजचा बेस त्यावर होतो.

मेकअपच्या क्लासमध्ये फीसोबत मिळणाऱ्या किटबद्दल तर आवर्जून सांगायला हवं. फी भरताना ‘प्रोफेशनल ब्रश किट’ असं मोघम लिहिलेलं असतं. मुली कर्ज काढून, दागिना मोडून ही फी भरतात आणि शेवटच्या आठवड्यात हातात बाजारातला सर्वांत स्वस्त सेट येतो. ग्राहकाच्या लग्नाच्या दिवशी वधूच्या गालावर केस गळतात, तेव्हा नाव त्या मुलीचं जातं. फी भरण्याआधी किटची यादी लेखी मागा: ब्रश किती, धागा कोणता, कंपनी कोणती, किट कोणत्या आठवड्यात मिळणार. आणि ‘किट वगळून फी किती?’ हा प्रश्न विचाराच. पुण्यात तुळशीबागेत, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात ब्रश हातात घेऊन, दाबून, केस सारून बघता येतो. किटच्या पैशांत स्वतः निवडलेले चार ब्रश पुष्कळ कामाला येतात.

ऑनलाइन मागवलं असेल तर पार्सल फोडण्याआधी मोबाइलवर चित्रीकरण सुरू करा. पत्त्याचं लेबल, सील आणि आतला माल एकाच सलग चित्रणात यायला हवा. मग ब्रश न धुता ओल्या पांढऱ्या टिश्यूवर घासा. काळा किंवा गुलाबी रंग उतरला तर तो चेहऱ्यावरही उतरणार. केस चिमटीत धरून हलकेच ओढा. नव्या ब्रशातून दोन-चार केस येणं चालतं, मूठभर नाही. जबड्याखाली फिरवून पाहा, टोचतोय का. चांगल्या धाग्याचं टोक निमुळतं होत जातं, हलक्या धाग्याचं टोक कात्रीने कापल्यासारखं बोथट असतं आणि तेच टोचतं. ब्रश ठेवायचाच अशी खात्री होईपर्यंत त्याला फाउंडेशन लावू नका, कारण वापरलेला ब्रश परत घ्यायला विक्रेता सहज नकार देतो.

परीक्षणं वाचताना फोटो नीट पाहा. जुन्या, चांगल्या विकल्या गेलेल्या वस्तूच्या पानावर नवीच वस्तू टाकली जाते आणि तारे मात्र जुनेच राहतात. ब्रशच्या पानावर लिपस्टिकचे फोटो दिसले तर काय झालं ते समजा. उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी पानावर नसेल तर मागवू नका. पॅकबंद वस्तूंच्या २०११च्या नियमांनुसार ही माहिती देणं बंधनकारक आहे.

‘हायजीन प्रॉडक्ट आहे, रिटर्न नाही’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. ई-कॉमर्ससाठीचे २०२०चे ग्राहक संरक्षण नियम सांगतात की वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तक्रारीत ‘ब्रश खराब आहे’ असं लिहू नका. ‘जाहिरातीत व्यास ३ सेंमी, प्रत्यक्षात १.५ सेंमी’ असं लिहा, पट्टी लावलेला फोटो जोडा. तिथे दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

सोशल मीडियावरच्या पानावरून, आगाऊ यूपीआय करून घेतलेला माल मात्र परत करणं कठीण. पान दोन दिवसांत नाव बदलतं किंवा तुम्हाला ब्लॉक करतं. त्यानंतर कधी कधी ‘रिफंड’ देणाऱ्याचा फोन येतो: हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की खात्यातून पैसे जातात, आणि चारशे रुपयांच्या ब्रशपायी चाळीस हजार जाऊ शकतात. असं झालं तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा, बँकेला कळवून खातं रोखायला सांगा, आणि व्यवहाराचा क्रमांक, पानाची लिंक व फोन नंबर पुसले जाण्याआधी जपून ठेवा.