मोरोक्कोला जायचंय, मग आधी काय शिकायचं? दारिजा, फ्रेंच की पुस्तकी अरबी

मोरोक्कोत नोकरी किंवा ॲडमिशन मिळाली की सगळे पहिलं हेच सांगतात की अरबीचा क्लास लाव, आणि गडबड इथेच होते, कारण क्लासमध्ये शिकवतात ती फुसहा, म्हणजे पेपरातली, बातम्यांमधली, सरकारी कागदांवरची अरबी, जी तिथे घरात कोणीच बोलत नाही. घरात, बाजारात, टॅक्सीत सगळीकडे दारिजा, म्हणजे मोरोक्कोची बोलीभाषेतली अरबी. २०२४ च्या जनगणनेत ९० टक्क्यांहून जास्त लोक दारिजा बोलणारे निघाले. फरक थोडाथोडका नाहीये, "केवढ्याला" हे फुसहात "बिकम" तर दारिजात "बश्हाल", "आत्ता" म्हणायचं तर "अल-आन" नाही, "दाबा", शिवाय मधले स्वर इतके गिळतात की गल्फमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसालाही सुरुवातीला काही पत्ता लागत नाही. तुम्ही फुसहात विचारलंत तर समोरच्याला कळेल हो, पण उत्तर दारिजात आलं की तुम्ही अडकलात.

आता फ्रेंच. राज्यघटनेत तिला अधिकृत दर्जा नाही पण १९१२ ते १९५६ फ्रेंचांचा अंमल होता तो ऑफिसांत अजून दिसतो, बँक, खाजगी दवाखाने, कंपन्यांचे ईमेल, मेडिकल-इंजिनिअरिंगचं शिक्षण, सगळं बरंचसं फ्रेंचमध्ये, आणि २०१९ च्या कायद्याने तर शाळेत विज्ञान-गणितही फ्रेंचमध्ये शिकवायला वाट मोकळी झाली. त्यामुळे कॅसाब्लांका-रबातला नोकरी असेल तर फ्रेंच आधी, यात मला अजिबात शंका नाही. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेज आहेच, म्हणजे निघायच्या आधीच पाया पक्का करता येतो, दारिजाचे क्लास मात्र आपल्याकडे सहसा सापडत नाहीत, तिथे यूट्यूबच.

तामाझिघ्तकडे लोक लक्षच देत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. अरबी यायच्या कितीतरी आधीपासूनची तिथली भाषा, देशातले साधारण पाव लोक बोलतात, २०११ पासून अधिकृत, पाट्यांवर तिची तिफिनाघ लिपीही दिसते. तिच्या बोली भागागणिक वेगळ्या, उत्तरेच्या रिफ डोंगरांत तारिफित, मधल्या ॲटलास डोंगरांत तामाझिघ्त (बोलीचंही नाव हेच), दक्षिणेला अगादीर-सूसकडे ताशल्हीत. गावांत काम असेल, समाजकार्य, शेती, रिसर्च काहीही, तर त्या भागातली बोली शिकाच, कारण डोंगरातल्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांशी दारिजातही बोलणं होत नाही. आणि ही भाषा बोलणाऱ्यांना "बर्बर" म्हणू नका, अनेकांना ते आवडत नाही, अमाझिघ म्हणा.

उत्तरेला तेतुआन-तांजियर शहरांकडे स्पॅनिश चालते, पण तेवढ्यासाठी मुद्दाम शिकू नका. फक्त फिरायला जाताय तर हॉटेलांत इंग्रजीवर निभतं, तरुण पोरं बोलतात. फुसहा कधी घ्यायची? पत्रकारिता, इस्लामी अभ्यास किंवा पुढे दुसऱ्या अरब देशांतही जायचा विचार असेल तर जरूर घ्या, बाकीच्यांनी लिपी वाचण्यापुरती.

हातात सहा महिने असतील तर मी म्हणेन नोकरीवाल्यांनी फ्रेंच आणि रोज थोडी दारिजा, विद्यार्थ्यांनीही तेच. व्हॉट्सॲपवर दारिजा रोमन अक्षरांत टाइप करतात आणि त्यात मध्येच ३, ७, ९ हे आकडे येतात, ते अनुक्रमे ऐन, घशातला ह आणि क़ाफ (घशातून काढलेला क) या अरबी अक्षरांसाठी, एवढं आधीच पाठ करून ठेवा म्हणजे घरमालकाचा मेसेज वाचता येईल.